भिशीचे ६५ हजार: बॉडी घ्यावी की लेन्स?

पत्र: माझ्याकडे कॅननचा १५००डी आहे, २०१९ साली घेतलेला. सोबत मिळालेल्या १८-५५ आणि ५५-२५० या दोनच लेन्स. मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. हिवाळ्यात रविवारी उजनीच्या पाण्याकाठच्या कुंभारगावला होडीतून पक्ष्यांचे फोटो काढायला जाते, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतात. दोन्हीकडे समाधान नाही. रोहित पक्षी ठिपक्याएवढे येतात, उडताना तर हमखास हुकतात. स्टेजवरचे फोटो हललेले, पिवळे आणि दाणेदार. भिशीचे ६५ हजार हातात आले आहेत. दुकानदार म्हणतो, जुना कॅमेरा एक्स्चेंजमध्ये द्या, वरचे हप्त्याने भरा आणि फुल फ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरचा, आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्या. यजमानांचंही तेच: ‘वस्तू घ्यायची तर एकदाच चांगली घ्यावी.’ आमच्या पक्षीवाल्या ग्रुपवर मात्र सगळे म्हणतात, लेन्स घे. पण माझ्यासारखे आरशाचे कॅमेरे, डीएसएलआरच, बंद होत चाललेत, मग त्यांच्या लेन्समध्ये पैसे अडकवावेत का?

उत्तर:

ताई, बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घेऊ नका. निदान या वर्षी तरी नाही. ६५ हजारांत दोन लेन्स घ्या, त्यातली मोठी वापरलेली घ्या, आणि हप्त्याच्या भानगडीत पडू नका. आता असं का म्हणतो ते सांगतो, कारण घरी यजमानांना पटवायचं काम तुमच्याकडेच आहे आणि त्यांचं म्हणणं सगळंच चूक नाही.

आधी एक गोष्ट करून बघा. मागच्या दोन हिवाळ्यांतले आणि मागच्या स्नेहसंमेलनातले जे फोटो फसले, ते कॉम्प्युटरवर उघडा. फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स बघितलं की फोकल लेंथ (लेन्स किती लांबचं जवळ ओढते), शटर (सेकंदाचा किती भाग उघडं राहिलं), अॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडलं; एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं), आयएसओ (प्रकाश टिपणारा सेन्सर किती संवेदनशील ठेवला) सगळं दिसतं. माझी खात्री आहे, पक्ष्यांच्या जवळजवळ प्रत्येक फोटोवर २५० एमएम लिहिलेलं असेल, म्हणजे तुम्ही झूम शेवटपर्यंत ताणून बसलेल्या होतात आणि तरी पुरत नव्हतं. स्टेजच्या फोटोंवर एफ/५.६, आयएसओ ६४०० आणि शटर १/३० किंवा त्याच्या आसपास काहीतरी असेल. कॅमेरा खराब असल्याची ही लक्षणं नाहीत. एकीकडे लेन्स आखूड पडते आणि दुसरीकडे लेन्सचं तोंड बारीक पडतं.

स्टेजचं बघू, कारण तिथे हिशेब अगदी कागदावर मांडता येतो.

तुमच्या १८-५५चं अॅपर्चर ५५वर गेल्यावर एफ/५.६च्या पुढे उघडत नाही, आणि ५५-२५०चं २५०वरही तेच. त्यामुळे आयएसओ ६४००पर्यंत नेऊनसुद्धा शटर १/३०वर येतं. नाचणारं पोर १/३०ला हलणारच, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. आता कॅननची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम घ्या. ही लेन्स २०१५ साली आली, वजन १६० ग्रॅम, किंमत दहा हजारांच्या आगेमागे. ती पूर्ण १.८वर न उघडता एफ/२वर ठेवली तरी ५.६च्या तुलनेत आठपट प्रकाश आत येतो. म्हणजे त्याच उजेडात, त्याच आयएसओला, शटर १/३०वरून १/२५०वर. हललेला फोटो आणि लख्ख फोटो यांच्यातलं अंतर एवढंच असतं.

आता दुकानदार म्हणतो ते करून बघू. समजा तुम्ही कॅननचा आर८ घेतला. चांगला कॅमेरा आहे, लाखाच्या वर जातो. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ तुमच्या सेन्सरच्या साधारण अडीचपट. म्हणजे अॅपर्चर तेवढंच असेल तर अडीचपट प्रकाश. पण त्याच्यासोबत किटमध्ये येणारी लेन्स आहे २४-५०, आणि ती ५०वर गेली की एफ/६.३ होते. तुमच्या आत्ताच्या लेन्सपेक्षाही बारीक! गोळाबेरीज केली तर हातात येतो दुप्पट प्रकाश. नवीन सेन्सरची सफाई वरून थोडी मिळेल, ती नाकारत नाही. पण एकीकडे दहा हजारांत आठपट आणि दुसरीकडे लाखाच्या वर दुप्पट. शिवाय फुल फ्रेमवर ५० एमएमला स्टेज आज दिसतं त्यापेक्षा लांब दिसणार. हे सगळं दुकानदाराला ठाऊक असतं बरं का. त्याचं दुकान आहे, त्याला बॉडी विकायची आहे, यात रागावण्यासारखं काही नाही.

पन्नासची अडचण एकच: झूम होत नाही, पायांनी पुढे-मागे व्हावं लागतं. तुमच्या कॅमेऱ्यावर दहा मीटरवरून साधारण साडेचार मीटर रुंदीचा भाग ती पकडते. म्हणजे प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेच्या जरा बाजूला उभं राहिलात तर चार-पाच मुलांचा गट नीट बसेल. एकटी सूत्रसंचालक किंवा शिवाजी झालेला सातवीतला मुलगा यांच्यासाठी स्टेजच्या कडेला जा. तुम्ही शाळेतल्या बाई आहात, तुम्हाला कोणी हटकणार नाही. अख्खा समूहनाच घ्यायचा असेल तेव्हा १८-५५ लावा आणि १८वरच ठेवा. तिथे तिचं अॅपर्चर एफ/३.५ असतं, ते बरंच सुसह्य आहे. पार्श्वभूमी फारच धूसर होईल का, अशी भीती बाळगू नका. दहा मीटरवर एफ/२लासुद्धा दोन मीटरपेक्षा जास्त खोलीचा भाग फोकसमध्ये राहतो.

पिवळेपणाला मात्र लेन्सही उपाय नाही आणि बॉडीही नाही. रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये काढा. जेपेगमध्ये कॅमेरा रंग शिजवून टाकतो, रॉमध्ये तो नंतर कॉम्प्युटरवर हवा तसा फिरवता येतो. कॅननचं डीपीपी सॉफ्टवेअर फुकट आहे. दाणेदारपणा कमी करणारी सॉफ्टवेअर आता इतकी पुढे गेली आहेत की आयएसओ ६४००चा फोटो शाळेच्या स्मरणिकेत कोणाच्या लक्षातही येणार नाही. आणखी एक. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हॉलमधले ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर फार वेगवान ठेवलं तर फोटोत काळपट पट्टे उठतात किंवा एक फोटो उजळ, दुसरा अंधारा असा प्रकार होतो. तसं दिसलं तर शटर १/१००वर आणा आणि नाचातला क्षण निवडा: गिरकी संपते तिथे, उडी सर्वात वर पोचते तिथे. त्या क्षणी पोर जवळजवळ स्थिर असतं आणि १/१०० पुरतं.

आता कुंभारगाव.

‘ठिपक्याएवढे येतात’ यावर उपाय लांब लेन्स, दुसरा नाही. २५०वरून ४०० एमएमवर गेलात की फोटोत पक्ष्याने व्यापलेली जागा अडीचपट होते. आणि इथेच फुल फ्रेमचा सल्ला तुमच्यासाठी सरळसरळ नुकसानीचा आहे, हे यजमानांना मुद्दाम सांगा. तुमची ५५-२५० ही ईएफ-एस लेन्स, म्हणजे छोट्या सेन्सरसाठी बनवलेली. अॅडॅप्टर (मधला जोड) लावून ती आर८वर चालते, पण कॅमेरा आपोआप सेन्सरचा मधला तुकडाच वापरतो. आज तुम्हाला २४ मेगापिक्सेलचा जो फोटो मिळतो, तोच तसाच्या तसा, फक्त नऊ-साडेनऊ मेगापिक्सेलचा मिळेल. लाखभर रुपये घालून रोहित आणखी धूसर!

कोणती लेन्स घ्यावी? नावं ग्रुपवर तुम्ही ऐकलीच असतील. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० आहेत, पण त्या दोन किलोच्या घरात जातात. ज्यांना झाडाखाली ट्रायपॉड लावून बसायचं आहे त्यांच्यासाठी ठीक. तुम्ही होडीत बसता. होडीत ट्रायपॉड लावून उपयोग नसतो, होडीच हलत असते, आणि दोन किलो हातात धरून सकाळभर बसायचं म्हणजे खांद्याची परीक्षा. त्याच दोन कंपन्यांच्या १००-४०० सव्वा किलोच्या आत आहेत, त्या होडीत सोयीच्या. त्यांचं अॅपर्चर ४००वर एफ/६.३ होतं, चांगल्या उन्हात चालून जातं.

पण तुमच्या जागी मी असतो तर कॅननची जुनी १००-४०० एल (‘एल’ म्हणजे त्यांची वरच्या दर्जाची मालिका) शोधली असती, १९९८ साली आलेली, पुढे-मागे ओढून झूम करायची. वजन १३८० ग्रॅम. ४००वर एफ/५.६, त्यामुळे तुमच्या बॉडीचा ऑटोफोकस तिच्यावर नीट चालतो, आणि कॅननचीच असल्याने उद्या नव्या कॅननवर अॅडॅप्टर लावून चालवताना फर्मवेअरची (लेन्समधल्या सॉफ्टवेअरची) कटकट नाही. तिचं स्थिरीकरण (हाताची थरथर सावरणारी सोय) आजच्या मानाने जुनाट आहे, पण उडत्या पक्ष्यासाठी शटर १/१६००वर असतं, तिथे स्थिरीकरणाला फारसं काम उरत नाही. वापरलेली, चांगल्या स्थितीतली, ४५-५० हजारांच्या आसपास मिळू शकते. भाव वस्तू बघून वर-खाली होतो, घाई करू नका.

घेण्याआधी एक रविवार भाड्याने आणा. पुण्यात लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात, ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. होडीत बसून हात दुखला, झूम ओढायची पद्धत आवडली नाही, तर ४५ हजार वाचले.

लेन्स कितीही चांगली असली तरी उजनीच्या पाण्यावर ऊन चढलं की हवा थरथरायला लागते. लांबचा पक्षी मग कुठल्याच लेन्समधून लख्ख येत नाही, आणि लोक बिचाऱ्या ऑटोफोकसला शिव्या देतात. उजाडताना पाण्यावर असा, उन्हं तापली की परत फिरा. नाववाल्याला सांगा, लांबूनच इंजिन बंद करून बांबूने हळू न्यायला. थवा उठवायला लावू नका. फोटोसाठी रोहित उठवणारे पर्यटक तुम्ही पाहिलेच असतील. चरणारा पक्षी उगाच उडाला की त्याची सकाळ वाया जाते, आणि तुम्हाला मिळतात फक्त पाठमोरे फोटो.

उडताना हुकतात म्हणालात, त्यावर दोन भागांत बोलतो. रोहित मोठा पक्षी आहे, मान आणि पाय ताणून सरळ रेषेत जातो. तो १५००डीवर मिळायला हवा. तुमच्या कॅमेऱ्यात फोकसचे नऊ बिंदू आहेत, पण त्यातला फक्त मधला एकच क्रॉस टाइप आहे, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा. बाकीचे आठ उडत्या पक्ष्यासाठी विसरा. फक्त मधला बिंदू निवडा, एआय सर्व्हो (हलत्या वस्तूवर फोकस सतत धरणारी सेटिंग) लावा, शटर १/१६००, पक्षी लांब असतानाच मधल्या बिंदूवर धरा आणि त्याच्यासोबत फिरत राहा. कस्टम फंक्शनमध्ये फोकस मागच्या बटणावर नेता येतो, तोही नेऊन ठेवा. पहिल्या सकाळी बोटं गोंधळतील, मग सवय होते.

दुसरा भाग नदी सुरय या पक्ष्याचा. त्याची गोष्ट वेगळी. तो पाण्यावर घिरट्या घालतो, थबकतो आणि दगडासारखा खाली येतो. तिथे सेकंदाला तीन फोटो काढणारा आणि एकाच बिंदूवर भिस्त ठेवणारा कॅमेरा खरोखर कमी पडतो. पहिल्या फोटोत सुरय हवेत, दुसऱ्यात नुसता पाण्याचा उडालेला तुषार. इथे यजमान बरोबर आहेत. नव्या मिररलेस बॉडी पक्षी स्वतः ओळखून त्याच्या मागे लागतात. कॅननचा आर१० मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फोटो घेतो. पण बघा, आर१० फुल फ्रेम नाही. तुमच्याच आकाराचा सेन्सर, म्हणजे ४०० एमएमचा आवाका तसाच राहतो. दोन-तीन वर्षांनी बॉडी घ्यायची झाली तर ती या घराण्यातली घ्या, आणि तेव्हा ही लेन्स आधीच तुमच्या बॅगेत असेल. सुरयाच्या फोटोसाठी तुम्ही आजच झुरत असाल तर वेगळा विचार करता आला असता, पण तुमच्या पत्रात तक्रार ठिपक्यांची आधी आहे.

‘डीएसएलआर बंद होतायत’ या भीतीचं उत्तरही यातच आहे. कॅननची ईएफ माउंट (लेन्स बसवायची खाच) १९८७ची, मिररलेसची आरएफ २०१८ची. ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर कॅननच्या अॅडॅप्टरने चालते. त्या साध्या अॅडॅप्टरमध्ये भिंग वगैरे काही नसतं, नुसती पोकळ नळी आणि विजेचे संपर्क, त्यामुळे फोटोचा दर्जा घसरत नाही. उलटं मात्र होत नाही: आरएफ लेन्स तुमच्या १५००डीवर बसणारच नाही. म्हणून आज ईएफ घेतलीत तर ती आजच्या आणि उद्याच्या, दोन्ही कॅमेऱ्यांवर वापराल. आणि लोक भराभर मिररलेसकडे चालल्यामुळेच जुन्या ईएफ लेन्स बाजारात पडत्या भावाने येतायत. ज्या गोष्टीची तुम्हाला भीती वाटते तिचाच फायदा घ्या.

यजमानांचं ‘एकदाच चांगली घ्यावी’ हे तत्त्व मला मान्य आहे. ते लेन्सला लावा. वर सांगितलेली १००-४०० आली तेव्हा कॅननने स्वतः बनवलेला डिजिटल एसएलआर अजून निघायचाच होता. त्यांचा पहिला, डी३०, आला २००० साली, ३ मेगापिक्सेलचा. तो डी३० आज फुकट दिला तरी तुम्ही घेणार नाही. लेन्ससाठी आपण अजून ४५ हजारांची बोलणी करतोय.

तुम्ही पैसे घेऊन लग्नांचे फोटो काढत असतात तर मी आधी बॉडीच घ्या म्हटलं असतं, दोन मेमरी कार्डांची. कारण १५००डीत एकच कार्ड बसतं, आणि सप्तपदी पुन्हा काढता येत नाही. व्हिडिओचं वेड असतं तरी बॉडीच, कारण तुमच्या कॅमेऱ्याला बाहेरचा माइक लावायची सोयच नाही. पण पत्रात या दोन्हींचा उल्लेख नाही, म्हणून सोडून देतो.

वापरलेली लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागून लावून आत बघा. कोळिष्टकासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, वस्तू परत द्या, भाव कितीही पाडून देत असला तरी. मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्समध्ये हे जास्त सापडतं. जराशी धूळ चालते, या ओढ्या झूममध्ये ती असतेच. स्वतःची बॉडी सोबत न्या, १०० आणि ४०० दोन्ही टोकांना जवळचं-लांबचं फोकस करून बघा, स्थिरीकरण चालू केल्यावर खरखर येते का ऐका. झूम कॉलर ढिली पडली असेल तर लेन्स खाली धरल्यावर आपोआप घसरते. ती आवळायची रिंग असते, तिच्याने थांबते का बघा. मूळ बिल मागा. मुंबईच्या बोरा बाजारात जाणार असाल तर सकाळी जा आणि दोन-तीन दुकानं फिरा. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, कापडी बॅगेत कपाटात नको.

हिशेब: पन्नासचे दहा, १००-४००चे पन्नासपर्यंत. उरलेल्या पाचात डबा, सिलिका जेल, एक जादा बॅटरी. जुनी ५५-२५० आता विकून फारसं काही येणार नाही. शाळेत छायाचित्रणाची आवड असलेली एखादी मुलगी असेल तर तिला अधूनमधून हाताळायला द्या.

आणि दोन्ही एकदम घेऊ नका. पन्नास आधी, स्नेहसंमेलनाच्या निदान महिनाभर आधी. रंगीत तालमीला तुम्ही तिथे असताच. तेव्हा स्टेजवरचे दिवे चालू करायला लावा, एफ/२, आयएसओ ३२०० आणि ६४००, शटर १/१०० आणि १/२५० असे चारी प्रकार काढून घरी मोठ्या पडद्यावर बघा, पट्टे येतात की नाही तेही तिथेच कळेल. १००-४०० डिसेंबरात बघू.